संदर्भ: प्रत्यक्ष ऐकले

झाशीत मे महिन्याच्या भर दुपारी शहाणं माणूस घराबाहेर पडत नाही. लू, ती भाजून काढणारी वाऱ्याची झळ, सुरू झालेली असते, रस्ते पांढरेफटक पडलेले असतात, आणि कुत्री नाल्याच्या पुलाखाली ओल शोधत पडलेली असतात. अशाच एका दुपारी क्षमा लघाटे डोक्याला ओढणी गुंडाळून छावणीकडे निघाली. काम अगदीच किरकोळ होतं. तिला एका तळटिपेची खातरजमा करायची होती.

क्षमा शाळेत गणित शिकवायची. शाळेला सुट्या होत्या. उरलेल्या वेळात, आणि खरं सांगायचं तर नसलेल्या वेळातही, ती इंटरनेटवरचा एक कोश सांभाळायची. दिवाकर बिवलकरांच्या ‘राखवन’ या अद्भुत कादंबरीमालेचा तो कोश. वाचकांनीच उभा केलेला, वाचकांनीच चालवलेला. राखवनातली गावं, नद्या, राक्षस, मंत्र, प्रत्येकाची वेगळी नोंद, आणि प्रत्येक वाक्यापुढे संदर्भ: भाग कितवा, प्रकरण कोणतं, पान कोणतं. हा दंडक क्षमाने घालून दिला होता. ज्याला संदर्भ नाही ते वाक्य कोशात राहणार नाही. नागपूरचा मकरंद, तिचा जोडीदार संपादक, तिला चेष्टेनं ‘कोतवाल’ म्हणायचा.

ही पुस्तकं तिच्या वडिलांनी तिला मोठ्याने वाचून दाखवली होती. रेल्वे कॉलनीतल्या त्या घराबाहेर सगळीकडे हिंदी आणि बुंदेली. धाकटा भाऊ केयूर मराठी समजायचा, पण उत्तर हिंदीतच द्यायचा. वडील गेल्यावर क्षमाचं मराठी उरलं ते ‘राखवना’तच. पाचव्या भागाच्या शेवटी विभा नावाची मुलगी हातात कंदील घेऊन बावडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या कोरड्या विहिरीच्या, तळाकडे उतरू लागते, आणि तिथेच पुस्तक संपतं. सहावा भाग आलाच नाही. बिवलकर वारले. विभाचं पुढे काय झालं, यावर वाचक अजून भांडतात. वडील आजारी असताना क्षमालाही तेच विचारायचे, जणू तिला ठाऊक असल्यासारखं.

आणि मग एप्रिलमध्ये कोशात कुणीतरी विभाच्या नोंदीत भर घालू लागलं. ‘बावडीला तळ होता. तळाशी कुणीतरी बसलं होतं.’ संदर्भाच्या जागी लिहिलेलं: ‘लेखकाकडून प्रत्यक्ष ऐकले.’ खाली तारीख त्याच आठवड्यातली. लिहिणाऱ्याचं नाव अंबिका.

क्षमाने ते काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आलं, वर आणखी एक वाक्य घेऊन. तिने पुन्हा काढलं आणि सभ्य भाषेत लिहिलं, ‘लेखक हयात नाहीत. शिवाय एकट्याने ऐकलेलं पुरावा म्हणून धरता येत नाही. दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे पडताळलेलं हवं.’

उत्तर आलं. ‘मी दिवाकरची बहीण. त्याची दृष्टी गेल्यावर त्याची लेखनिक. झाशीतच राहते. तू ये आणि पडताळ.’ खाली छावणीतला पत्ता आणि फोन नंबर होता. क्षमाने येत असल्याचं फोनवर कळवलं.

छावणीतल्या त्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना कडुनिंब, चुना फासलेले बुंधे, आणि झाडांमागे दबून बसलेले बैठे बंगले. अंबिकाबाईंनी स्वतःच दार उघडलं. ऐंशीच्या घरातल्या, काडीसारख्या, नेसूचं पातळ स्वच्छ. पण डोळे असे की जणू वर्षानुवर्षं पापणी मिटलेलीच नाही.

“आलीस? ये बाई. पाणी घे आधी.”

आतली खोली काळोखी होती. दारं-खिडक्या बंद, व्हरांड्याकडच्या दाराला खसची टट्टी, म्हणजे वाळ्याचा जाड पडदा, लावलेली. तिच्यावर पाणी शिंपडलेलं होतं. ओल्या खसचा गारवा, आणि त्याखाली आणखी कसलातरी वास... खूप दिवस बंद राहिलेल्या विहिरीला येतो तसा. बाहेर लू हुंकारत होती.

“मावशी, तुमच्याकडे त्यांचं हस्तलिखित असेल तर ते...” क्षमाने सुरुवात केली.

“कागद नाही गं. कागदावर मी उतरवायची, तो सांगायचा. तो गेला.” बाईंनी टट्टीकडे पाहिलं. “सांगणं थांबलं नाही.”

एकटी म्हातारी, उन्हाळा, मनाचा खेळ. क्षमाला वाईट वाटलं. थोडा वेळ बसावं आणि निघावं, असं तिने ठरवलं.

“रोज दुपारी सांगतं,” बाई म्हणाल्या. “मी झोपले तरी उठवतं. कुणीतरी ऐकायला लागतं ना! तू लिहिलंस, एकटीनं ऐकलेलं धरत नाहीत. ते वाचलं आणि मला वाटलं, ही येईल.”

“मी रेकॉर्ड केलं तर चालेल?”

“कर की. तुझ्या नियमात बसेल ते कर.”

क्षमाने फोन मांडीवर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. दोघी बसून राहिल्या. टट्टीवरून पाण्याचे थेंब फरशीवर पडत होते. मग वारा एकाएकी पडला, आणि त्या शांततेत कुणीतरी बोलत असल्याचं तिच्या ध्यानात आलं. सुरुवात ऐकूच आली नव्हती. वाक्य मधूनच चाललं होतं, जणू बराच वेळ चाललेलं असावं.

पुरुषाचा आवाज. टट्टीच्या पलीकडून येणारा. पण पलीकडे उघडा व्हरांडा होता आणि त्यात लू. तिथे घटकाभर उभं राहणं कुणाला शक्य नव्हतं.

“...आणि विभेने कंदील खाली ठेविला. तळाशी एक म्हातारी बसली होती. वरून कुणी हाक मारिली की ती ओ देत असे...”

ही भाषा, हे ‘ठेविला’ आणि ‘मारिली’... लहानपणी अंथरुणात पडून ऐकलेली हीच. तिला उठायचं होतं, आणि पुढचं ऐकायचंही होतं. ती उठली नाही.

“...विभेने पुसले, तू ओ का देतेस? म्हातारी म्हणाली, खालून ओ आली नाही तर ते हाक मारणारे खाली उतरतील. आणि ते माणसे नव्हेत. मी थकले. आता तू...”

“मावशी,” क्षमा कुजबुजली. “हे... हे कोण...”

तिने अंबिकाबाईंकडे वळून पाहिलं. त्यांचे डोळे मिटले होते. मान खुर्चीच्या पाठीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, आणि चेहऱ्यावर लहान मुलाची असते तशी गाढ झोप. आवाज चालूच होता. किती वेळ, ते क्षमाला नंतर सांगता आलं नाही. एवढंच आठवलं की तो थांबला तेव्हा बाहेर लू पुन्हा वाहू लागली होती आणि तिच्या घशाला भयंकर कोरड पडली होती. ती कोपऱ्यातल्या सुरईतलं पाणी घटाघटा प्यायली, बाईंना न उठवता तिने दार ओढून घेतलं आणि मोठ्या रस्त्यापर्यंत जवळजवळ पळत आली.

संध्याकाळी, केयूर कामावरून परतल्यावर, घरात दिवे लागल्यावर, तिला धीर आला. आता तिला भीतीपेक्षा हुरूपच जास्त वाटत होता. विभाचं काय झालं ते सापडलं होतं. आणि पुरावा हातात होता! स्वतः न ऐकताच तिने ते रेकॉर्डिंग मकरंदला पाठवलं.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

“क्षमाताई, भारीच वाचलंय तुम्ही. बिवलकरांची शैली हुबेहूब. पण संदर्भ कुठाय?”

“अरे, तोच तर संदर्भ आहे. तो आवाज...”

“आवाज तर तुमचाच आहे ना?”

क्षमाने फोन ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. आधी थेंबांचा आवाज. मग अंबिकाबाईंचा श्वास, मंद होत घोरण्यात बदललेला. आणि त्यावर, एका सुरात, न अडखळता... तिचा स्वतःचा आवाज. ‘आणि विभेने कंदील खाली ठेविला.’ दुसरं कुणी नव्हतं. ती मध्येच कुजबुजली होती, “हे कोण?” ते मात्र रेकॉर्डिंगमध्ये कुठेच नव्हतं.

तिने ते पुसून टाकलं. विभाची नोंदही पहिल्यासारखीच ठेवली, पाचव्या भागाच्या शेवटच्या पानापर्यंत, पुढे काही नाही. मकरंदला सांगितलं की चूक झाली. त्या रात्री तिने केयूरच्या खोलीत, जमिनीवर गादी टाकली. कारण विचारल्यावर कूलरचं निमित्त सांगितलं.

सकाळी अंबिकाबाईंच्या नंबरवरून फोन आला. बोलणारी त्यांची भाची होती, बिवलकरांची मुलगी जानकी, मऊरानीपूरहून आलेली.

“आत्या गेली,” जानकी म्हणाली. “काल दुपारीच, झोपेत. खुर्चीत बसल्या बसल्या. शेजाऱ्यांनी पाहिलं. तिच्या फोनमध्ये शेवटी तुमचा नंबर होता, म्हणून कळवते जी.”

क्षमा जे सुचलं ते बोलली. मग न राहवून म्हणाली, “जानकीताई, एक विचारू? तुमच्या बाबांचा आवाज कसा होता? खर्जातला, थोडा अनुनासिक?”

“बाबांचा आवाज?” जानकी म्हणाली. “बाहेर कुणाला ठाऊक नाही ते. घशाचं ऑपरेशन झालं होतं त्यांचं, पहिल्या भागाच्याही आधी. तेव्हापासून शेवटपर्यंत बाबा एक शब्द बोलू शकले नाहीत.”

“पण आत्या... लिहून घ्यायच्या ना? ते सांगायचे...”

“हो. दार लावून दोघं बसायचे. आम्हांला आत जायची मनाई होती.” तिचा आवाज खाली आला. “बाहेरून ऐकायला यायचं कुणीतरी सांगतंय ते. आई म्हणायची, मत पूछो. आम्ही कधी पूछलं नाही.”

फोन बंद झाला तरी क्षमा तो कानाशीच धरून बसली होती. बाहेर ऊन चढत होतं. स्वयंपाकघरात केयूरने गॅस पेटवला, भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज झाला. मग तो तिथूनच, नेहमीच्या सहज आवाजात म्हणाला,

“ताई, चाय तीन कप चढ़ा दूँ ना? वो जो तुम्हें कहानी सुना रहे हैं, वो भी लेंगे ना?”