मबरूकेची दवंडी

इजिप्तच्या वाळवंटातल्या आमच्या सिवा गावात फक्त महत्त्वाच्या गोष्टींची दवंडी पिटतात. कुणाचं गाढव हरवलं, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाच्या बागेत आज खजूर उतरवायचा. बक्रीन दवंडीवाला हे सगळं एकाच सुरात सांगतो, त्यामुळे लक्ष देऊन ऐकावं लागतं.

त्या दुपारी मी आणि माझा बालमित्र उमरान झऱ्याच्या कठड्यावर चहाचा तिसरा पेला घेऊन बसलो होतो. मागे टेकडीवर मिठाच्या मातीचं जुनं गाव, पावसात अर्धं विरघळलेलं. पाण्यातून बुडबुडे येत होते. बक्रीननं ढोलावर दोन थापा मारल्या.

"ऐका हो. उद्या उजाडताना उस्ताद यूनिसची विधवा बाहेर पडणार. दारं लावून घ्या."

उस्ताद यूनिस म्हणजे मी. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आपण कुठे आहोत, हे मला बऱ्यापैकी ठाऊक असतं.

ही चाल माझ्या आजीच्या काळात संपली. विधवेनं पांढऱ्या कपड्यांत चाळीस दिवस घरात कोंडून घ्यायचं आणि मग झऱ्यावर न्हायचं. न्हाऊन परतताना तिची पहिली नजर ज्याच्यावर पडेल, त्याचं काही खरं नाही. म्हणून आदल्या दिवशी दवंडी. वर्गात मी या चालीची यथेच्छ टिंगल करायचो.

"बक्रीन, मी इथं बसलोय."

"दिसताय की, उस्ताद," तो ओशाळून म्हणाला. "निघालो होतो उमरानचाचांच्या गाढवाची दवंडी द्यायला. तोंडातून हेच आलं."

उमरान अर्धा पेला तसाच ठेवून उठला. फुकटचा चहा त्यानं टाकलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

घरी माझी बायको मबरूका पांढरा झगा उन्हात वाळत घालत होती. विचारलं, तर मान खाली घालूनच म्हणाली, चाळीस दिवस भरले, आता न्हायला हवं. कुणाचे चाळीस, म्हटलं, तर झग्याची बाही झटकू लागली. तेव्हा ध्यानात आलं की ती कित्येक दिवस माझ्याकडे बघतच नव्हती. चहा द्यायची, तोही खाली बघून. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं लक्षात यायला मला चाळीस दिवस लागले.

मी चाळीस दिवस मागे मोजत गेलो. मंगळवार निघाला. जेवणात मसूर होते. बाकी काहीही घडलं नव्हतं.

"मबरूका, माझ्याकडे बघ."

"आता नको," ती म्हणाली. "तुम्हाला काही झालं म्हणजे?"

पहाटे ती गेली. मी ठरवलं, वाटेतच उभं राहायचं. पहिली नजर माझ्यावर पडू दे. काही झालं नाही की हा खुळचटपणा तिथंच संपेल आणि माझी बायको मला परत मिळेल. बेत उत्तम होता. मग एकेक दार लागू लागलं. कड्या सरकत गेल्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि थांबला. कोंबडासुद्धा ओरडेना.

बेत मी तिथंच सोडला. मी उमरानचं दार ठोठावलं.

"यूनिस, तुझ्यावर राग नाही," तो आतून म्हणाला. "पण दार उघडणार नाही."

"अरे, ती येतेय. मी कुठे जाऊ?"

आतून आणखी एक कडी सरकली.

"तू कशाला जातोस?" तो समजावत म्हणाला. "तुला आता काय होणार?"

मी वळलो. मबरूका वळणावर आली होती. केस ओले, डोक्यावर घागर.

तिनं मान वर केली.

थेट माझ्याकडे पाहिलं.

किती दिवसांनी पाहत होती. चेहरा उजळला. जवळ येऊन तिनं घागर माझ्या हातात दिली, नेहमीसारखी. घागर थंड होती, जड होती.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "वाटेत कुणीसुद्धा नव्हतं."

आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं मी "हो" म्हणालो.