पूर्वअटीचा रकाना

प्रिंटरपाशी दोघांचे कागद एकमेकांत मिसळले, तिथून हे सुरू झालं.

"हे पान तुमचं दिसतंय," तो म्हणाला. "यात गणित फार आहे."

"आणि हे तुमचं. यात ते औषधालाही नाही."

ती विद्यापीठात गणित शिकवायची. तो सॉफ्टवेअर कंपनीतला. संगणकशास्त्राचा नवा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीवर चार महिन्यांपुरता आलेला. बैठक दर गुरुवारी. पहिले तीन गुरुवार कुणाचा विषय आधी, या भांडणात गेले. चौथ्या गुरुवारी त्याने खिडकीजवळची खुर्ची तिच्यासाठी धरून ठेवली... आणि आपल्याला काही कळलंच नाही, अशा थाटात ती तिथे बसली.

"तुमची मुलं प्रोग्रॅम लिहितील," ती म्हणायची, "पण तो का चालतो ते सांगता येणार नाही त्यांना."

"तुमची सांगतील. पण चालवायला मलाच बोलावतील."

"बोलावू की," ती बोलून गेली, आणि लगेच तिने कागदात डोकं घातलं.

बघता बघता शेवटचा गुरुवार आला. आज मंजुरी, म्हणजे यापुढे तो यायचा नाही. तिच्या ओठांवर आलेलं तिथेच अडत होतं. त्याने आधी बोलावं — निदान एक शब्द. तो मात्र पेनाचं टोपण काढत होता, लावत होता.

एवढ्यात परीक्षा विभागातले क्लार्क काका चष्मा पुसत उठले.

"एक शंका आहे. मॅडमच्या तर्कशास्त्राला पूर्वअट काय, तर आधी साहेबांचं प्रोग्रॅमिंग पास हवं. साहेबांच्या प्रोग्रॅमिंगला पूर्वअट, मॅडमचं तर्कशास्त्र. पोरांनी सुरुवात कुठून करायची? तीन वर्षं दारातच उभी राहतील."

सगळी खोली हसली. विभागप्रमुखांनी दुरुस्तीला दहा मिनिटं दिली. दोघं बाहेर व्हरांड्यात आली.

"तुमच्या रकान्यात माझा विषय आधी का लिहिलात?" तिने विचारलं.

"इतके दिवस त्यासाठी भांडलात. म्हटलं, जाता जाता तुमच्या मनासारखं होऊ दे. आणि तुम्ही?"

"मीही... तेच म्हटलं."

तो पुन्हा टोपणाकडे वळला. तिला काकांची ती दारात उभी पोरं आठवली.

"बरं, मीच आधी बोलते," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी बैठक नाही. तरी याल? ... माझ्यासाठी?"

टोपण खाली पडलं, घरंगळत जिन्यापर्यंत गेलं. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

"महिनाभर हेच विचारायचं ठरवून येतोय मी."

"मग विचारलं का नाहीत?"

"वाटलं, तुम्ही आधी..."

ती इतकी हसली, की आतून काका डोकावले.

दोन्ही विषय पहिल्याच सत्रात शेजारी शेजारी बसले. तास दोघांनी मिळून घ्यायचे ठरले. त्यासाठी दर गुरुवारी येण्याचं त्याने तिथेच कबूल केलं.

"पूर्वअट काय लिहू?" काकांनी विचारलं.

"काही नाही," दोघं एकदम म्हणाली.

काकांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ते दिसतंच आहे," म्हणाले, आणि रकान्यात त्यांनी एक सरळ रेघ ओढली.