मुंगीचा जोडीदार

शाळेच्या मागच्या अंगाला, सायकलींच्या शेडला लागून, सुतारकामाची कार्यशाळा होती. उंच खिडक्यांतून सकाळचे ऊन उतरे आणि भुशाच्या कणांत बराच वेळ तरंगत राही. तिथले सर वयाने तरुण आणि इतके भिडस्त, की हजेरी घेतानाही त्यांचा आवाज रंध्याच्या आवाजाखाली दबून जाई; पण हातात पटाशी आली की ते वेगळेच कोणी होत. वरच्या वर्गातली निवडक मुले त्यांच्याकडे पुढचे, नाजूक काम शिकत. पहिल्याच दिवशी सर त्यांना एक नियम सांगत. एका लाकडाच्या टोकाला कूस काढायची, म्हणजे पातळ जीभ. दुसऱ्या लाकडात ती घट्ट बसेल अशी खोबण पाडायची. पण ही दोन्ही कामे एकाच माणसाने करायची नाहीत. दोन्ही बाजू ज्याच्या, तो स्वतःला फार लवकर माफ करतो, असे त्यांचे म्हणणे.

त्या वर्षी मुलांची संख्या विषम निघाली. जोड्या लागल्या आणि एक मुलगी उरली. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती कामात सावकाश होती आणि बोलण्यात त्याहून. ती काकांकडे राहायची. काकांनी तिला सांगून ठेवले होते, की परीक्षेसाठी करायचे टेबल पास झाले तर खुशाल फर्निचरच्या कॉलेजात जा. नाही तर आपली लाँड्री आहेच, काउंटरवर बैस. लोकांचे कपडे मोजत आयुष्य काढायची कल्पना मुंगीला सहन होत नसे.

तुझी खोबण मी स्वतः पाडून देईन, असे सरांनी तिला समजावले. तिने पहिली कूस काढली, रिकाम्या बाकावर ठेवली आणि ती घरी गेली. सकाळी सरांनी कुलूप काढले, तेव्हा कुशीशेजारी दुसरा तुकडा होता. त्यात खोबण पाडलेली होती.

काम अगदीच कच्चे होते. करवत रेघेच्या भलत्या बाजूने गेलेली, कडा कुरतडल्यासारख्या. सरांनी खोबणीत बोट घातले. आत ऊब होती. नुकत्याच ठोकलेल्या लाकडाला ऊब असतेच, हे त्यांना ठाऊक होते. पण मधल्या सुट्टीनंतरही ती गेली नाही.

त्यांनी मुलांना विचारले. वर्गातल्या दांडगट मुलाला सगळे पैलवान म्हणत. तो म्हणाला की सर, एवढं वाईट काम करायला मला दोघांची मदत लागेल. सगळे हसले. सरांनी खिडक्यांच्या कड्या तपासल्या, कुलूप बदलले, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. दुसऱ्या सकाळी मुंगीच्या दुसऱ्या कुशीशेजारी दुसरी खोबण होती, तितकीच वाकडी. बाकाखाली भुसा मात्र कणभरही नव्हता.

मग सरांच्या हातून एक गोष्ट घडली. भीतीपेक्षा सवय मोठी ठरली. त्यांनी खडू घेतला आणि त्या तुकड्यावर लिहिले: तळ सपाट नाही. पुन्हा कर. लिहून झाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आपण हे कोणाला म्हटले?

सकाळी नवा तुकडा आला होता. तळ सपाट होता.

पुढचे महिने असेच गेले. सर खडूने चुका दाखवत, आणि त्या सुधारत. मुंगीचा हातही त्याबरोबर सुधारत गेला. आपल्या कामाची कोणी वाट पाहत आहे, एवढे तिला पुरेसे झाले असावे. ती आता बोलू लागली होती. मुले तिच्या जोडीदाराची चौकशी करत आणि ती हसून, काल जरा घाईत होता, असे काहीसे सांगे. तो कोण, हे कोणी विचारत नसे. सरही नाही.

परीक्षेच्या दिवशी टेबलाचे तीन पाय बसले. चौथ्याची खोबण सैल होती. कूस आत खुळखुळली.

परीक्षक दुपारी यायचे होते. सरांनी पटाशी उचलली. मुंगीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. असे तिने पूर्वी कधी केले नव्हते.

"नको सर. त्याला अजून एकदा करू द्या."

"अगं, दिवसाढवळ्या? आणि नाही झालं तर? काकांना काय सांगशील?"

"मला जमेना तेव्हा तुम्ही थांबलात ना?"

सरांनी पटाशी खाली ठेवली. त्यांनी कोरा पाय बाकावर ठेवला, मुलांना बाहेर काढले आणि दाराला कुलूप घातले.

सगळे व्हरांड्यात उभे राहिले.

आत पटाशीवर मोगरी पडली.

पुन्हा पडली. सावकाश, जपून, एकेका घावामध्ये विचार करत.

मुंगी दाराला पाठ लावून उभी होती. तिचे ओठ हलत होते. ती त्याला सांगत होती, रेघेच्या आत राहा.

मग घाव थांबले.

सरांनी दार उघडले. ऊन, बाक आणि त्यावर पाय. मुंगीने कूस खोबणीत घातली. तळहाताचा दाब दिला, तेवढ्यानेच ती आत सरकली आणि थांबली. सांध्यात केसही शिरला नसता.

परीक्षकांनी टेबल उलटे करून पाहिले, प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवला आणि जोडीदार कुठे आहे, असे विचारले.

"असतो तो," मुंगी म्हणाली, "पण चारचौघांत यायला लाजतो."

परीक्षक सरांकडे पाहून हसले. असे विद्यार्थी त्यांनीही पाहिले असावेत. त्यांनी सही केली.

मुंगी कॉलेजात गेली. जाताना ती रिकाम्या बाकाजवळ एकटीच थोडा वेळ थांबली होती. तिने काय सांगितले, ते सरांनी ऐकले नाही.

सुट्टी लागली. कार्यशाळा आवरून बंद करायला सर एका सकाळी आले. त्या बाकावर कुशी मांडलेल्या होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक कूस निराळ्या हाताची होती. प्रत्येकीत पहिल्या धड्याची तीच चूक होती, करवत रेघेच्या भलत्या बाजूने गेलेली, आणि एकीलाही जोडीची खोबण नव्हती.

सरांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

एक कूस खाली, बाकाच्या पायाशी, फरशीवर ठेवलेली होती. पडलेली नव्हती, नीट ठेवलेली होती. ती ठेवणाऱ्याचा हात बाकापर्यंत पोहोचला नसावा.

सरांनी एक रुंद फळी निवडली आणि सगळ्यांत आधी त्याला उभे राहण्यापुरता एक पाट करायला घेतला.