आयुधपूजा, दुपारी बारा दहा

चंद्रकलाला कामावरून काढण्याचं पत्र सुबण्णाने टाइप करून ठेवलं होतं. फक्त सही राहिली होती. सहीला हात धजेना, म्हणून त्याने वनजाक्षींना बोलावलं. रामनगरातल्या त्या एकमेव खासगी गुप्तहेर. सोबत त्यांचे मदतनीस बोरय्या. बोरय्यांचं डोकं जेवणानंतर चालत नसे आणि जेवणाआधी तर मुळीच नाही.

प्रकरण असं. रेशीमकोषांच्या लिलावातल्या बोल्या सुबण्णाच्या कंपनीतल्या मोठ्या संगणकावर नोंदल्या जात. संगणकाने कसं वागायचं हे ज्या फाइलीत लिहिलेलं असतं, तिच्यातली एक ओळ कुणीतरी बदलली होती. बोल्या येत आणि हवेत विरत. बाजाराचे लोक काम दुसऱ्या कंपनीला द्यायला निघाले होते. फाइल बदलल्याची वेळ फाइलीवरच होती: आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमीचा दिवस, दुपारी बारा दहा.

फाइलीला हात लावायची मुभा तिघांनाच. सुबण्णा, त्याचा बावीस वर्षांपासूनचा भागीदार सोमशेखर आणि संगणक सांभाळणारी चंद्रकला. सोमशेखर त्या दिवशी मडिकेरीला, सासुरवाडीत. चंद्रकला कचेरीत.

सोमशेखरने सासुरवाडीचे फोटो न मागता दाखवले. "पोरगी गुणाची आहे हो मॅडम," तो कळवळून म्हणाला, "पण वयच मोहाचं."

चंद्रकलाला वनजाक्षींनी फाइलीबद्दल विचारलंच नाही. पूजा कशी झाली, एवढंच विचारलं. तिने सांगितलं की दरवर्षी मोठा संगणक चालूच ठेवून त्याला हार घालतात. यंदा सुबण्णाच्या बायकोने घरघरत्या यंत्राला कुंकू लावायला साफ नकार दिला. म्हणून दहा ते चार मेन स्विचच बंद होता. तो सुबण्णासरांनी स्वतः पाडला होता. बोरय्यांनी प्रसादाचीही चौकशी करून घेतली.

मग वनजाक्षींनी तिघांना समोर बसवलं.

"बंद यंत्रातली फाइल बदलत नाही," त्या म्हणाल्या. "ती नंतर बदलली आणि वर मागची वेळ चिकटवली, चंद्रकला अडकावी म्हणून. यंत्र बंद होतं हे पूजेला आलेल्या प्रत्येकाने पाहिलं होतं. ही वेळ निवडणारा पूजेला नव्हता."

"मग होता कुठे?" बोरय्यांनी विचारलं.

"मडिकेरीला."

"यंदा बंद ठेवणार आहेस, हे मला सांगायचंस तरी, सुबण्णा," सोमशेखर म्हणाला. आवाज खरोखरच दुखावलेला होता. त्या दुसऱ्या कंपनीत आपली भागीदारी ठरल्याचंही मग त्याने सांगून टाकलं.

सुबण्णाने पत्र काढून फाडलं. "उद्या वेळेवर ये, चंद्रकला."

"सर, स्विच तुम्हीच पाडला होतात," चंद्रकला म्हणाली. "आणि पत्रही तुम्हीच टाइप केलंत."

दोघा भागीदारांच्या मधोमध कचेरीची किल्ली ठेवून ती निघून गेली.