पंचमीचं रॉकेट

"ओ... ओ बाई! लांब सरका तिथनं!"

मी दचकले, पण सरकले नाही. कुणी ओरडून सांगितलं की मी मुद्दाम तिथंच उभी राहते. ही खोड आईच्या मारानंसुद्धा गेली नव्हती.

पंचमीचा दिवस. वरून भुरभुर पाऊस... आणि गावाबाहेरच्या माळावर, दगडांच्या ढिगात एक लोखंडी नळी उभी केलेली. नळीवर काळी छत्री धरून एक उंच गडी उभा होता. स्वतः मात्र नखशिखांत निथळत होता.

"छत्री नळीला आन् तुमी पावसात? उलटीच तऱ्हा म्हणायची!"

"नळी भिजली तर उडायची न्हाई. मी भिजलो तर नुसता शिंकंन."

"आन् उडून जाणार कुठं ही?"

"वर."

"वर म्हंजी किती?"

"बघून बघून तुमची मान दुखंल तितकं."

तो हसला. भुवयांवरून पाणी ओघळून डोळ्यांत जात होतं आणि तो सारखे डोळे मिचकावत होता. काय डोळे होते ते! पिंगट, खट्याळ... मी बघतच राहिले, आणि बघतेय हे त्याच्या लक्षात आलं तशी पाठ फिरवून तरातरा निघाले. लाज वाटली मला.

उतरलो होतो त्या घरी परतल्यावर कळलं, हाच तो कृष्णात. संध्याकाळी ज्याच्यापुढं पोह्यांची बशी घेऊन जायचं होतं, तोच! माधवनगरहून आप्पाकाकांनी मला या गावी, पाहुण्यांकडं, दाखवायलाच आणलं होतं. वडील गेल्यापासून आप्पाकाकांचा शब्द म्हणजे आमच्या घरातला कायदा. मुलगा आंध्राच्या किनाऱ्यावर, रॉकेटच्या तळावर नोकरीला. रॉकेटात इंधन भरायचं काम. मोठ्या उड्डाणाची तयारी चाललेली, पण त्याच्या हातचं काम उरकलं होतं, म्हणून आईच्या हट्टापायी चार दिवसांची रजा काढून आला होता.

आणि गावच्या पोरांनी त्याला घेरलं. ते गाव दसऱ्याला शोभेची दारू उडवणारं. पोरं म्हणाली, तिकडं रॉकेट बांधतोस म्हणं, मग आमाला एक उडवून दाखीव, का नुसता झाडू मारतोस तिथं?

दुपारी सगळं गाव माळावर जमलं. बायका झोके सोडून आल्या. कृष्णातनं छत्री बाजूला केली, वात पेटवली आणि लांब पळाला. वात जळत गेली, नळीतून थोडा धूर निघाला... आणि थांबला. पावसानं दावा साधला होता.

"कुणी जवळ जायचं न्हाई!" कृष्णातनं दोन्ही हात पसरले. "अर्धा तास तरी न्हाई. आमच्याकडं असाच नेम हाय."

पण गावचा नेम वेगळा होता. ज्यानं दारू भरली, त्यानंच जाऊन बघायचं. बापजाद्यांपासून असंच. माणसं कुजबुजायला लागली आणि आमचे आप्पाकाका गर्दीतून मोठ्यानं हसले.

"का वं पाव्हणं? सरकारचा पगार खाताय आन् फटाकड्याला भ्याला?"

सगळे खो खो हसले. कृष्णातनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली... नको, नको! मला ओरडायचं होतं, पण सासर होऊ घातलेल्या गावात ओरडायचं कसं? तो गेला. नळीवर वाकला.

आवाज झाला तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो ओल्या गवतात गुडघ्यांवर बसला होता, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून आईला हाक मारत होता.

*

त्याच रात्री आप्पाकाकांनी सोयरिकीचं बोलणं मोडलं. "आंधळ्याच्या गळ्यात पोर बांधू व्हय?" म्हणाले. ज्यांच्या जिभेनं त्याला तिथं ढकललं, त्यांनीच हात झटकले. मला असा संताप आला की मी दोन दिवस त्यांच्या ताटात भाकरी वाढली नाही. त्यांनीही माझी पर्वा केली नाही. कराडचं एक स्थळ लगेच हुडकून काढलं, ट्रकवाल्याचं.

मग मीही डोकं चालवलं. मिरजेत रंगुआत्याकडं राहून शिवण शिकते म्हणाले आणि आत्याच्या घरून सरळ, कृष्णातला ठेवलं होतं त्या मिरजेतल्याच दवाखान्यात गेले.

कृष्णातच्या डोळ्यांवर जाड पट्टी होती. हातांनाही बँडेज. उशाशी त्याची आई अंबूबाई बसली होती, रडून रडून सुकलेली. मी काय बोलावं? तोंडातून भलतंच गेलं.

"शिंका आल्या का न्हाई मग?"

तो दचकला. मग ओठ हळूच हलले. "...छत्रीवाली?"

अंबूबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. मी स्टुलावर बसले. त्या दिवसापासून रोज बसायला लागले.

डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. उजवा डोळा गेला. डाव्याचं पट्टी सुटल्याशिवाय काही सांगता येत नाही. पण कृष्णातला रॉकेटचं बोलायला लावलं की तो दुखणं विसरायचा.

"वर फेकायचं, एवढंच न्हवं?" मी मुद्दाम डिवचायची.

"वर फेकलेलं खाली येतंच की. त्याला आडवं पळवायचं. इतक्या जोरानं, की पडता पडता पृथ्वीच चुकली पायजे."

"म्हंजी पडतच राहायचं?"

"पडतच राहायचं, पण आपटायचं न्हाई."

"अगं बाई! ह्याला पगार देत्यात तुमाला?"

तो हसायचा, मग गाल ओढला जाऊन कण्हायचा. चार टप्पे एकावर एक असतात, म्हणायचा. एक जळून गळला की दुसऱ्यानं पेटायचं. वर हवा नसते, वळायला धरायला काही नसतं. रबरासारख्या घट्ट इंधनात केसाएवढी भेग राहिली तरी सगळं संपलं. "त्यातल्या एका टप्प्यात माझ्या हातचं इंधन हाय, हरणा," म्हणायचा, आणि बाप लेकाचं नाव घेतो तसा त्याचा आवाज व्हायचा.

"तुमी तिथं असता तर जवळनं बघितलं असतं..."

"आता पेपरात चित्र येईल, ते तू बघ की. काय दिसलं ते मला सांग."

तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला. मी खिडकीकडं तोंड फिरवलं. फिरवायची काही गरज नव्हती, त्याला कुठं दिसत होतं? पण फिरवलं.

*

उड्डाणाच्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं आपला ट्रान्झिस्टर आमच्या उशाशी आणून ठेवला. बाहेर पाऊस धो धो. कृष्णात सकाळपासून जेवला नव्हता. बातम्या लागल्या. निवेदकानं शांत आवाजात सांगितलं, रॉकेट उडालं, आणि काही मिनिटांतच बंगालच्या उपसागरात कोसळलं.

म्हाताऱ्यानं गुपचूप बटण फिरवलं.

कृष्णातचे खांदे हलायला लागले. पट्टीच्या कडा ओल्या झाल्या, आणि खारं पाणी जखमेला झोंबून तो विव्हळला. मी पदरानं त्याचे गाल टिपत होते आणि माझेच अश्रू त्याच्या गळ्यावर पडत होते. इतकी वर्षं त्या माणसांनी राबून बांधलेलं... आणि समुद्रानं गिळलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण हा माणूस कळत होता.

"जा तू," तो म्हणाला. "कराडचं स्थळ चांगलं हाय, आई सांगत हुती. ट्रक हाय, घर हाय. माझ्याजवळ काय ऱ्हायलंय? तेबी पडलं, मीबी पडलो."

"ते परत बांधतील का न्हाई?"

"...बांधतील. उद्यापासनंच कामाला बसतील."

"मग मलाच तेवढं अक्कल शिकवताय व्हय? मला तुमीच पायजे. एका डोळ्याचं, न्हाई तर बिनडोळ्याचं. ऐकलंसा?"

सगळ्या वॉर्डानं ऐकलं. आणि दारात उभ्या असलेल्या आप्पाकाकांनीही. हातातल्या छत्रीचं पाणी फरशीवर गळत होतं, चेहरा लालबुंद. कुणीतरी त्यांना शिवणक्लासची खरी हकीकत सांगितली होती.

"हरणे, ऊठ! उद्या कराडची माणसं येणार हायत. चल मुकाट्यानं!"

मी उठले. स्टुलावरून उठले आणि कृष्णातच्या खाटेवर, त्याला खेटून बसले. भर वॉर्डात, चार माणसांसमक्ष. त्याचा बँडेज बांधलेला हात उचलून माझ्या दोन्ही हातांत घेतला. असल्या पोरीला कराडचीच काय, कुठलीच माणसं बघायला येत नाहीत, हे मला माहीत होतं. काकांनाही माहीत होतं.

"हरणा... सोड हात," कृष्णात घाबरून कुजबुजला. "काका बघत असतील."

"बघू दे," मी म्हटलं. "तुमाला दिसत न्हाई, त्यास्नी तरी दिसू दे."