बाई थांबायच्या त्या जागा

ही गोष्ट खरी आहे. आमच्या आतेभावाच्या बाबतीत घडलेली आहे, आणि त्याला कल्पनाशक्ती अजिबात नाही, हे सगळं घराणं सांगेल.

रात्र नव्हती. पाऊस नव्हता. वीजसुद्धा गेली नव्हती.

रविवारची दुपार, तीन वाजून दहा मिनिटं. जागा म्हणजे त्याची तळघरातली एडिटिंगची खोली. खिडकी नाही. भिंतींवर आवाज शोषून घेणारा काळा फोम. दार एकच, खुर्चीपासून चार पावलांवर.

धंद्यातले लोक त्याला 'कात्री' म्हणतात. बोलता बोलता कुणी अडखळलं, खोकलं, नुसतं गप्प बसलं, की हा तेवढा तुकडा उडवतो. त्याच्या व्हिडिओतली माणसं श्वास न घेता बोलतात. गिऱ्हाईक खूश असतं.

त्या दिवशी हातात एका निवृत्त शिक्षिकेची मुलाखत होती. सगळे त्यांना बाईच म्हणत. बाई दोन महिन्यांपूर्वी गेल्या होत्या. मुलाखत त्यांच्या मुलीनं घेतलेली. बाईंची थोरली बहीण परगावी शेवटच्या घटका मोजत होती आणि तिला धाकटीला एकदा बोलताना बघायचं होतं. मुलीची गाडी सहाची. पाचला ती व्हिडिओ न्यायला येणार होती.

"आई मधेच थांबते, ते काढू नका हं दादा," ती बजावून गेली होती. "ती तशीच बोलायची."

कात्रीनं मान डोलावली आणि एकूण एक थांबा काढला. बावीस मिनिटांची मुलाखत चौदा मिनिटांत बसवली. हाताला सवय, दुसरं काय.

मग रेंडर लावला. कापून जोडलेल्या तुकड्यांचा एकसंध व्हिडिओ होण्याची ती शेवटची पायरी.

सत्त्याण्णव टक्क्यांवर अडकला.

यात भुताटकी काही नाही. सत्त्याण्णववर अडकण्यासाठीच रेंडरचा जन्म असतो. त्यानं सॉफ्टवेअरनं साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, म्हणजे कॅश, साफ केली. डिस्कवर जागा केली. सॉफ्टवेअर बंद करून उघडलं. फाइलचं नाव बदललं, ज्याचा शून्य उपयोग असतो, पण जगातला प्रत्येक एडिटर ते करतो.

पुन्हा सत्त्याण्णव.

आता आवाजही सरकला होता. बाईंचे ओठ आधी हलत, शब्द मागून येत. हाही जुनाच रोग. त्यानं आवाज ओढून ओठांशी जुळवला आणि व्हिडिओ चालवला.

बाईंचे ओठ मिटलेले होते...

आणि श्वास ऐकू येत होता. संथ. त्यानं कापून टाकलेला.

त्यानं हेडफोन काढले.

खोलीत काहीच ऐकू येईना. पंख्याकडे बघितलं... पंखा फिरत होता. आवाज नव्हता.

वर जाऊन मोकळी हवा खावी म्हणून तो उठला. दाराकडे वळला...

आणि खुर्चीत बसलेला होता.

डुलकी लागली असेल. पुन्हा उठला. पाऊल उचललं.

खुर्ची.

तिसऱ्यांदा मोजत निघाला. एक...

खुर्ची. हात कीबोर्डवर.

उठणं होतं. बसणं होतं. मधलं चालणं कुणीतरी काढून टाकलं होतं. कापलेलं दृश्य कसं दिसतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? जोड सफाईदार होता. घाम फुटलेला असतानाही तेवढं त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

तळघरात फोनला रेंज कधीच नसते. तो ओरडला. तोंड उघडलं, गळा ताणला गेला, पण आवाज त्याचा त्यालाही आला नाही.

पाचला पाच कमी असताना दार थरथरलं. मुलगी आली होती, ठोठावत होती. नि:शब्द.

ती कंटाळून निघून गेली असती, तर सोमवारपर्यंत तळघरात कुणी फिरकणार नव्हतं; बायकोही माहेरी गेलेली. आणि परगावच्या त्या म्हातारीकडे सोमवार होता की नाही, देव जाणे.

मूळ मुलाखत जशीच्या तशी टाकायला गेला, तर सॉफ्टवेअर दोनदा बंद पडलं. उरला एकच मार्ग. एकेक थांबा हातानं परत बसवायचा.

पहिला बसवला. पंख्याची घरघर परत आली.

मग तो थांबलाच नाही. बसवताना प्रत्येक थांबा बघावा लागत होता, आणि प्रत्येकात बाई... त्याच्याकडे बघत होत्या. कॅमेऱ्याकडे नाही. त्याच्याकडे. उत्तर न येणाऱ्या पोराकडे वर्गात बघावं तशा. रागावून नाही. वाट बघत.

चाळिसाव्या थांब्याला दारावरची थाप ऐकू आली.

एक्केचाळिसावा बसला आणि रेंडर शंभर झाला.

तो उठला. एक. दोन. तीन. चार. कडी हाताला लागली.

"किती वेळ ठोठावतेय दादा," मुलगी म्हणाली. "कुठे होतात?"

"इथेच," तो म्हणाला आणि व्हिडिओ लावला.

तिनं उभ्या उभ्या अर्धं मिनिट व्हिडिओ पाहिला, डोळे पुसले, आभार मानले आणि गाडी गाठली.

चार दिवसांनी तिचा फोन आला. मावशीनं व्हिडिओ पाहिला, दोनदा पाहिला, आणि दुसऱ्या सकाळी शांतपणे गेली. फक्त एक गोष्ट मुलीच्या मनातून जात नव्हती. मुलाखतीच्या मध्यावर बाई बोलताना थांबतात, तिथे मावशी सारखी विचारत होती, ही मधेच कुठे गेली?

त्यानं तपासलं. चार सेकंदांचा एक तुकडा कमी आहे. मूळ फाइलमध्येही नाही. कचऱ्यातही नाही. त्यानं सगळं उपसलं, अजूनही उपसतो.

गेल्या आठवड्यात जेवताना तो बायकोला काहीतरी सांगत होता. बोलून झालं. बायको घास हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली.

"तू आत्ता मधेच कुठे गेला होतास?"

तो जागचा हललाही नव्हता.