वेणीत खोचलेलं पीस

"पीस कावळ्याचं आहे. कावळा भोकात राहत नाही. म्हणजे भोक रिकामं. बुजवतो!"

लिंपण्याने आपली नळी भिंतीतल्या पाइपाच्या तोंडाशी नेली आणि खाली उभी असलेली रेवती हात हलवत पुढे धावली.

लिंपण्या म्हणजे नागपूरच्या त्या वसाहतीचा गवंडी यंत्रमानव. पालीसारखा भिंतीवर चढायचा आणि दिसेल ते भोक फसफसत्या मसाल्याने बंद करायचा. कामाला एकदम चोख, पण एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही! रेवतीला सकाळी त्याच जुन्या पाइपाखाली पीस सापडलं होतं, आणि या राणीसाहेबांनी ते लगेच वेणीत खोचलं होतं.

"अरे थांब! काल आतून चिवचिव ऐकलीय मी!"

"आत्ता माझ्या संवेदकाला (आवाज, हालचाल टिपणाऱ्या भागाला) काही ऐकू येत नाही. पाइप आत वळलाय, पुढचं दिसतही नाही. पुरावा दाखवा, ताई."

आता आली का पंचाईत! आत पिल्लं असली तर बिचारी गुदमरून मरतील. रेवतीने बोंब ठोकली, "मामीऽऽ!"

केतकीमामी कणकेच्या हातांनीच धावत आली. विमानाला पक्षी धडकला की उरल्यासुरल्या पिसावरून तो कोणता ते ओळखायचं, हे तिचं विमानतळावरचं काम. तिने वेणीतून पीस उपसलं आणि खोखो हसत सुटली.

"अगं बाई! अर्धं पीस तू रबरात दडवलंस, आणि उरलेल्या अर्ध्यावर या शहाण्याने निकाल देऊन टाकला!"

खरंच की! पिसाचं टोक काळपट तपकिरी, पण रबराखाली लपलेलं बूड पांढरंशुभ्र!

"आता नीट बघ," मामी म्हणाली. "मधली ताठ काडी म्हणजे दांडा. दोन्ही बाजूंची झालर सारखी आहे का?"

"नाही गं. एक बाजू चिंचोळी, दुसरी रुंद."

"म्हणजे हे पंखाचं उड्डाणपीस (उडताना हवा लोटणारं लांब पीस). चिंचोळी बाजू पुढे, वारा कापायला. रुंद बाजू मागे. अंगावरचं पीस मऊ असतं, दोन्हीकडे साधारण सारखं. आता लांबी बघ. कावळ्याच्या पंखाचं लांब पीस वीतभर तरी भरतं."

रेवतीने पीस तळहातावर ठेवलं. वीत कसली, त्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त!

"लहान कावळ्याचं असेल," वरून लिंपण्या म्हणाला.

"मग पांढरं बूड कुठून आलं रे? आपल्या कावळ्याच्या पंखात कधी पांढरं पाहिलंस?"

लिंपण्याने दिवा रोखून पीस वरूनच पुन्हा न्याहाळलं.

"पारव्याचं?" रेवतीने विचारलं.

"पारवा राखाडी. आठव बघू, बसली की तपकिरी, उडाली की पंखांत पांढरे पट्टे चमकतात, आणि रोज आपल्या अंगणात भांडत फिरते, अशी कोण?"

"साळुंकी!" रेवतीने उडीच मारली. "आणि साळुंकी तर भोकातच घरटं करते! लिंपण्या, नळी मागे घे!"

नळी मागे आली, पण लिंपण्या काही हटेना. "मग पिल्लांचा आवाज का नाही?"

"तू दाराशी एवढा खडखडाट करतोयस! आईने धोक्याची हाक दिली की पिल्लं चिडीचूप बसतात. खाली ये आधी," मामीने बजावलं.

तिघं पाण्याच्या टाकीमागे लपली. रेवती पाइपावर डोळे लावून बसली. मामीचं चुकलं असलं तर?

तेवढ्यात तारेवर एक साळुंकी येऊन बसली, चोचीत हिरवागार नाकतोडा. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पंख उघडले. दोन पांढरे पट्टे लख्खकन चमकले! ती पाइपात शिरली मात्र, आत जो काही कल्ला उसळला म्हणता! रेवतीच्या डोळ्यांत आनंदाने पाणीच आलं.

"चुकलं माझं, ताई," लिंपण्या हळूच म्हणाला. "अर्ध्या पिसावर मी अख्खं घर बंद करत होतो."

"वेणीत मीच खोचलं होतं ना रे," रेवती म्हणाली.

लिंपण्याने नळी गुंडाळून पाठीला अडकवली. "मागे नवी भिंत बांधतोय. तिच्यात एक भोक मुद्दाम मोकळं ठेवू का? पुढच्या वर्षी कोणीतरी येईल राहायला."

रेवतीने ते पीस त्याच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या टोपीच्या खाचेत खोचलं. या वेळी मात्र बुडाचं पांढरं सगळं दिसेल असं.